बंडखोर सरकारची आणीबाणी आणि एक स्थानबद्ध कैदी: मॅडझिम्बामुटो खटल्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायशास्त्राच्या तासाला हा खटला निघाला की दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. काही मुलं तासाला विचारतात, बरीचशी परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. माझी मतंही मधूनमधून येतील. ती परीक्षेत लिहायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

प्रकरण थोडक्यात काय आहे?

दक्षिण ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिम्बाब्वे. ६ नोव्हेंबर १९६५ रोजी डॅनियल मॅडझिम्बामुटो या राष्ट्रवादी कार्यकर्त्याला आणीबाणीच्या नियमांखाली स्थानबद्ध केलं गेलं. आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता. पाचच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, तिथल्या गोऱ्यांच्या सरकारने ब्रिटनला न विचारता स्वातंत्र्य जाहीर केलं. आणीबाणीची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवली या बंडखोर सरकारने, आणि डॅनियल आतच राहिला. ज्या सरकारला कायद्याने अस्तित्वच नाही, त्याला माणूस कोंडून ठेवायचा अधिकार कुठून आला? डॅनियलची बायको स्टेला हा प्रश्न घेऊन कोर्टात गेली.

वसाहत होती ना? मग तिला स्वतःचं सरकार कसं?

१९२३ पासून दक्षिण ऱ्होडेशियाला अंतर्गत स्वराज्य होतं. पंतप्रधान, मंत्रिमंडळ, विधिमंडळ, सैन्य, सगळं होतं. १९६१ च्या संविधानाने हक्कांची सनदही दिली. मताधिकार मात्र मालमत्ता, उत्पन्न आणि शिक्षण यांच्या अटींवर बेतलेला होता. गोऱ्यांची वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास आणि आफ्रिकी लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास असूनही विधिमंडळातल्या ६५ पैकी ५० जागा व्यवहारात गोऱ्यांच्याच हातात होत्या. मे १९६५ च्या निवडणुकीत इयान स्मिथ यांच्या ऱ्होडेशियन फ्रंटने त्या पन्नासच्या पन्नास जिंकल्या. बहुसंख्यांचं राज्य येण्याची खात्री मिळाल्याशिवाय स्वातंत्र्य नाही, असं लंडनचं म्हणणं होतं. भांडणाचं मूळ तिथेच आहे.

११ नोव्हेंबर १९६५ ला नेमकं काय झालं?

स्मिथ आणि त्यांच्या मंत्र्यांनी स्वातंत्र्याच्या घोषणेवर सह्या केल्या. गंमत म्हणजे राणीच्या सरकारविरुद्धच्या या बंडाच्या कागदाच्या शेवटी 'गॉड सेव्ह द क्वीन' लिहिलेलं होतं. गव्हर्नर सर हम्फ्री गिब्ज यांनी त्याच दिवशी राणीच्या नावाने सगळ्या मंत्र्यांना बडतर्फ केलं. मंत्री जागचे हलले नाहीत. गिब्जही हलले नाहीत. त्यांचा टेलिफोन तोडला, गाडी काढून घेतली, तरी गव्हर्नर हाऊसमध्ये ते १९६९ पर्यंत तळ ठोकून राहिले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. 'ऱ्होडेशिया हेराल्ड'ने कापलेल्या मजकुराच्या जागी पांढरे चौकोन तसेच सोडून छापायला सुरुवात केली. बातमी कळत नसे, पण ती कापली गेली आहे हे वाचकाला कळत असे.

गिब्ज यांनी लोकांसाठी एक निर्देशही काढला: बंडखोरांच्या उद्देशाला हातभार लागेल असं काही करू नका, पण कायदा-सुव्यवस्था राखा आणि आपापली नेहमीची कामं चालू ठेवा. त्यात न्यायाधीश आणि पोलीसही आले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरून बराच काथ्याकूट होणार आहे.

लंडनच्या संसदेने १६ नोव्हेंबरला कायदा केला आणि १८ नोव्हेंबरला त्याखाली आदेश निघाला: बंडखोरांचं १९६५ चं संविधान रद्दबातल, आणि ऱ्होडेशियाच्या विधिमंडळाला कोणताही कायदा करायचा अधिकार उरलेला नाही.

पण आणीबाणी गव्हर्नरनेच पुकारली होती. मग अटक बेकायदेशीर कशी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तारखा एकाखाली एक लिहून काढा.

५ नोव्हेंबर: गव्हर्नर आणीबाणी जाहीर करतात. तेव्हा स्मिथ कायदेशीर पंतप्रधान आहेत, गिब्ज कायदेशीर गव्हर्नर आहेत. कमाल मुदत तीन महिने. ६ नोव्हेंबर: डॅनियलची स्थानबद्धता. आपल्याला आवडो न आवडो, या दिवशी ती कायदेशीर आहे, कारण १९६१ ची हक्कांची सनदच आणीबाणीतल्या स्थानबद्धतेला वाट करून देत होती. ११ नोव्हेंबर: बंड. फेब्रुवारी १९६६ ची सुरुवात: तीन महिने संपतात. मुदत वाढवायची तर विधिमंडळाचा ठराव हवा. ठराव होतो, नवे नियम निघतात, पण ज्या विधिमंडळाने तो केला त्याचे अधिकार १८ नोव्हेंबरच्या आदेशाने काढून घेतलेले आहेत.

म्हणजे फेब्रुवारीतल्या एका रात्री कोठडी तीच, पहारेकरी तोच, कुलूपही तेच. बदलला तो फक्त त्या कुलपामागचा कागद. स्टेलाच्या वकिलांचं सगळं म्हणणं या एका रात्रीवर उभं होतं. अटक वाईट होती, डॅनियल निष्पाप होता, असलं काही त्यांना सिद्ध करावंच लागलं नाही. मुलं उत्तरपत्रिकेत दोन पानं डॅनियलच्या देशभक्तीवर लिहितात. गुण त्या रात्रीला आहेत.

खटल्याच्या नावातले लार्डनर-बर्क कोण?

डेस्मंड लार्डनर-बर्क, स्मिथ सरकारचे न्याय आणि कायदा-सुव्यवस्था मंत्री. स्थानबद्धतेचे आदेश त्यांच्या सहीने निघत. स्टेला मूळची दक्षिण आफ्रिकेतली, पेशाने नर्स. नवरा आत असल्यामुळे अर्ज तिने केला. तिच्या अर्जाबरोबरच बुलावायोचे वकील लिओ बॅरन यांचंही प्रकरण चाललं. आफ्रिकी राष्ट्रवादी नेते जोशुआ एनकोमो यांचे हे वकील स्वतःच स्थानबद्ध झाले होते. पुढे ते झाम्बियात आणि नंतर झिम्बाब्वेत न्यायाधीश झाले.

सॅलिसबरीच्या हायकोर्टाने काय ठरवलं?

सॅलिसबरी म्हणजे तेव्हाची राजधानी, आजचं हरारे. ९ सप्टेंबर १९६६ चा निकाल, न्यायमूर्ती लुईस आणि गोल्डिन यांचा. त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं की १९६५ चं संविधान बेकायदेशीर आहे आणि हे सरकारही कायदेशीर नाही. पण लगेच पुढे: देशावर प्रत्यक्ष ताबा याच सरकारचा आहे, पोकळी निर्माण झाली तर अराजक माजेल, म्हणून १९६१ च्या संविधानाखाली कायदेशीर सरकारला जे करता आलं असतं ते या सरकारने केलं तर कोर्ट ते मानेल. यालाच आवश्यकतेचा सिद्धांत म्हणतात.

या युक्तिवादाला वजन आहे, ते झटकून टाकू नका. सरकार बेकायदेशीर म्हणून त्याच्या कारकुनाने नोंदवलेला जन्म, लावलेलं लग्न, दिलेला वाहन परवाना, गोठलेल्या खात्यातून वारसाला दिलेले पैसे, सगळंच शून्य धरायचं का? सामान्य माणसाने बंड केलेलं नसतं. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता, आणि बंडखोर राज्यांनी लोकांच्या रोजच्या व्यवहारांसाठी केलेले कायदे त्याने मान्य केले. त्यातला १८६९ चा टेक्सास विरुद्ध व्हाईट हा निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. बंडाला मदत करणाऱ्या कृतींना मात्र त्या न्यायालयाने ही सवलत दिली नव्हती.

माझी अडचण पुढच्या पायरीवर आहे. लग्नाची नोंद आणि राजकीय विरोधकाची कोठडी या दोन्ही गोष्टी 'व्यवस्था टिकवणे' या एकाच पिशवीत कशा घालता येतील? पहिलीने लोकांचं आयुष्य चालू राहतं. दुसरीने सरकार चालू राहतं.

आणि अपिलात?

२९ जानेवारी १९६८ ला अपील विभागाचा निकाल आला. पाच न्यायाधीश, पाच निकालपत्रं, सगळी लांबलचक. सरन्यायाधीश सर ह्यू बीडल यांचं म्हणणं असं: हे सरकार अजून विधिवत झालेलं नाही, पण वास्तवात तेच सत्तेवर आहे, आणि वास्तवातलं सरकार म्हणून ते जुन्या कायदेशीर सरकारइतके अधिकार वापरू शकतं. दोघे सहकारी याच्याही पुढे सरकारच्या बाजूने गेले. जॉन फिल्डसेंड यांनी मात्र बहुमताची वाट नाकारली. ज्या संविधानाने कोर्ट निर्माण केलं, त्याच संविधानाखाली बसलेला न्यायाधीश ते उलथवणाऱ्याला अधिकार बहाल करू शकत नाही, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. १९८० मध्ये स्वतंत्र झिम्बाब्वेचे पहिले सरन्यायाधीश तेच झाले.

बीडल यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बंडानंतर सुरुवातीला ते गिब्ज यांना आधार म्हणून गव्हर्नर हाऊसमध्येच राहायला गेले होते. डिसेंबर १९६६ मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'टायगर'वर वाटाघाटी झाल्या तेव्हाही ते गिब्ज यांच्याबरोबर होते. तो माणूस दोन वर्षांत इथवर आला. कोणी धमकावलं वगैरे कहाणी रचायची गरज नाही. रोज एक पाऊल टाकलं की माणूस बराच लांब जातो, एवढंच.

यात केल्सन कुठून आला?

हान्स केल्सन या ऑस्ट्रियन विधिशास्त्रज्ञाचा सिद्धांत असा की सगळे कायदे शेवटी एका मूलनियमावर टेकलेले असतात, आणि क्रांती यशस्वी झाली, लोक नवी व्यवस्था पाळू लागले, की तो मूलनियमच बदलतो. १९५८ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने डोसो खटल्यात याच आधारावर लष्करी राजवट मान्य केली. १९६६ मध्ये युगांडाच्या कोर्टाने मटोवू खटल्यात तेच केलं. मटोवूही स्थानबद्धच होता, हे ध्यानात घ्या. ऱ्होडेशियाच्या सरकारी वकिलांच्या हाती आयतंच हत्यार मिळालं.

केल्सन काय घडतं ते सांगत होता. न्यायाधीशाने काय करावं, हे तो सांगत नव्हता. क्रांती यशस्वी झाली की नाही याचं एक मोजमाप म्हणजे कोर्टं तिला मानतात का, आणि कोर्टानेच 'यशस्वी झाली आहे, म्हणून मानतो' म्हणायचं, हे स्वतःच्याच शेपटीमागे धावणं झालं. पाकिस्तानच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये अस्मा जिलानी खटल्यात डोसोचा निकाल चुकीचा ठरवला.

प्रिव्ही कौन्सिलने निकाल कसा काय दिला?

प्रिव्ही कौन्सिल म्हणजे वसाहतींसाठीचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय. आपल्याकडे त्याचं नाव निघालं की जुन्या पिढीला लोकमान्यांचा ताई महाराज खटला आठवतो, १९१५ मध्ये तिथे टिळकांची सरशी झाली होती. भारताने ही वाट १९४९ मध्ये बंद केली. ऱ्होडेशियाच्या १९६१ च्या संविधानात ती उघडी होती. सॅलिसबरीच्या कोर्टाने परवानगी नाकारली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने ती स्वतःच दिली. लंडनचा निकाल आपण जुमानणार नाही, असं स्मिथ सरकारने आधीच सांगून टाकलं होतं. प्रतिवादी म्हणून बाजू मांडायलाही कोणी आलं नाही.

प्रिव्ही कौन्सिलने काय म्हटलं?

२३ जुलै १९६८. पाच जणांचं पीठ, चार विरुद्ध एक. बहुमताचं निकालपत्र लॉर्ड रीड यांचं. त्यातले तीन मुद्दे पक्के करा.

पहिला मुद्दा संसदेच्या अधिकाराचा. ऱ्होडेशियाच्या संमतीशिवाय लंडनने तिथल्या अंतर्गत बाबींवर कायदा करायचा नाही, असा संकेत होता, आणि १८ नोव्हेंबरच्या आदेशाने तो मोडला, असा आक्षेप होता. लॉर्ड रीड म्हणाले, संकेत फार महत्त्वाचा होता, पण संसदेच्या कायदेशीर अधिकाराला त्याने मर्यादा पडत नाही. एखादी गोष्ट करणं अयोग्य असणं वेगळं आणि ती करायचा अधिकार नसणं वेगळं. हा भाग इतका टिकाऊ निघाला की कॅनडाच्या १९८१ च्या संविधान प्रकरणात आणि ब्रेक्झिटवरच्या २०१७ च्या मिलर निकालातही तो उद्धृत झाला.

दुसरा मुद्दा बळकावलेल्या सत्तेचा. पाकिस्तान आणि युगांडात जुना सत्ताधीश उरलाच नव्हता. इथे कायदेशीर सार्वभौम अजून जागेवर आहे आणि सत्ता परत मिळवायची खटपट करतो आहे. निर्बंध चालू आहेत. डिसेंबर १९६६ मध्ये सुरक्षा परिषदेनेही सक्तीचे निर्बंध लादले आहेत, तिच्या इतिहासात पहिल्यांदाच. झुंज चालू असताना कोर्टाने निकाल लागल्याची घोषणा करायची नसते.

तिसरा, आवश्यकता. हा सिद्धांत पोकळी भरण्यासाठी असतो. संसदेने कायदा करून ती जागा व्यापली असेल तर पोकळीच नाही. गव्हर्नरच्या निर्देशालाही संसदेच्या आदेशावर मात करता येत नाही. म्हणून १९६६ चे आणीबाणीचे नियम कायद्याने शून्य.

लॉर्ड पिअर्स यांचं भिन्नमत इतकं का शिकवतात?

कारण मोजपट्टी त्यांनी दिली. बंडखोर सरकारची कृती मानायची तर ती राज्याच्या नेहमीच्या, सुरळीत कारभारासाठी वाजवीपणे गरजेची असावी. तिने नागरिकांच्या कायदेशीर संविधानातल्या हक्कांना धक्का लागू नये. आणि तिने बंडाला थेट मदत होऊ नये, कायदेशीर सार्वभौमाच्या धोरणाविरुद्ध ती जाऊ नये. आधार गिब्ज यांच्या त्या निर्देशाचा: 'नेहमीची कामं चालू ठेवा.'

मोजपट्टी उत्तम आहे. ती ज्याने बनवली त्यानेच या खटल्यात ती लावताना हात सैल सोडला, असं मला वाटतं. त्यांच्या मते अपील फेटाळायला हवं होतं, म्हणजे डॅनियल आतच. १९६१ च्या संविधानातही आणीबाणीत स्थानबद्धता चालत होती ना, मग हक्काला धक्का कुठे लागला, हा त्यामागचा विचार. पण आणीबाणीत हक्क आकसतो तो कायदेशीर मंत्री आणि कायदेशीर विधिमंडळ यांच्या भरवशावर. इथे तर कोंडणारा आणि बंड करणारा एकच होता, आणि कोंडलेला माणूस त्या बंडाच्या विरोधकांपैकी. तिसऱ्या कसोटीवर ही कृती उभीच राहू नये. मुलांनी माझ्याशी जरूर भांडावं, पण तिन्ही कसोट्या लिहून मग भांडावं.

बहुमताचं मानलं तर लग्नं आणि घटस्फोटही रद्द?

लॉर्ड रीड यांच्या निकालाची ही दुखरी बाजू आहे. काही वर्षांत इंग्लंडमध्येच ॲडम्स विरुद्ध ॲडम्स हे प्रकरण आलं. ऱ्होडेशियात बंडानंतर नेमल्या गेलेल्या न्यायाधीशाने दिलेला घटस्फोट इंग्लिश कोर्टाने मानला नाही. संसाराचा काडीमोड, आणि अडला कुठे तर न्यायाधीशाच्या नेमणुकीपाशी. पिअर्स यांची मोजपट्टी अशा ठिकाणी जास्त माणुसकीची ठरली असती.

निकालानंतर डॅनियल सुटला का?

नाही. लंडनचा कागद सॅलिसबरीच्या तुरुंगाच्या दारापर्यंत पोचलाच नाही. १३ सप्टेंबर १९६८ ला एन्डलोवू खटल्यात बीडल यांच्या कोर्टाने जाहीर केलं की प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही आणि हे सरकार आता विधिवत सरकारच झालं आहे.

सरकार कुठवर जाणार, याचा अंदाज त्याआधीच आला होता. मार्च १९६८ च्या सुरुवातीला तिघा कैद्यांची फाशी राणीने माफ केली. ऱ्होडेशियाच्या कोर्टाने ती माफी मानली नाही, आणि ६ मार्चला जेम्स धलामिनी, व्हिक्टर म्लाम्बो आणि ड्यूली शॅड्रेक यांना फासावर चढवलं गेलं. स्थानबद्धतेचा निकाल चुकला तर माणूस उशिरा का होईना, बाहेर येतो. इथे ती सोय नव्हती.

न्यायाधीशांनी सरळ राजीनामे का दिले नाहीत?

काहींनी दिले. बाकीच्यांचं म्हणणं असं की आपण गेलो तर जागेवर सरकारचे होयबा येतील. गव्हर्नरनेही कामं चालू ठेवा म्हटलं होतं. शिवाय सुरुवातीची काही वर्षं त्यांच्यावर नव्या संविधानाची शपथ लादली गेली नाही, त्यामुळे आपण १९६१ च्या संविधानाखालीच बसलो आहोत, असं त्यांना म्हणता येत होतं. १९६६ मध्ये हे पटण्यासारखं होतं. १९६८ च्या सप्टेंबरनंतर ते कसं पटवून घेतलं असेल, कोण जाणे.

आपल्याकडच्या मिसाबंदींशी याची तुलना करता येईल का?

अर्धीच. १९७५ च्या आणीबाणीत आपलं सरकार रीतसर निवडून आलेलं होतं, सत्ता कोणी बळकावली नव्हती. एडीएम जबलपूर खटल्यात प्रश्न होता तो आणीबाणीत कोर्टाचं दार ठोठावता येतं का, याचा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी कैद्यांची बाजू घेतली होती. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, विरोधात एकटे हंसराज खन्ना. साम्य आहे ते त्या एकट्या माणसात: तिकडे फिल्डसेंड, इकडे खन्ना.

ऱ्होडेशियाची स्थानबद्धता ज्या जातीची होती ती मात्र महाराष्ट्राला जुनी ओळखीची आहे. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली असंच उचललं होतं, आरोप नाही, खटला नाही. त्या रेग्युलेशनमागे सरकार मात्र पूर्ण कायदेशीर होतं. कागद पक्का असला म्हणजे कोठडी न्याय्य होते असं नाही, हे मॅडझिम्बामुटो वाचताना विसरायचं नसतं. तो खटला फक्त कागदाबद्दल आहे.

ती आणीबाणी शेवटी संपली कधी?

स्मिथ सरकार ती वाढवतच राहिलं. डिसेंबर १९७९ मध्ये लॉर्ड सोम्स गव्हर्नर म्हणून आले आणि वसाहत पुन्हा कायद्यात आली. १८ एप्रिल १९८० ला झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. पंतप्रधान झाले रॉबर्ट मुगाबे, जे स्वतः दहा वर्षं स्थानबद्धतेत काढून आले होते. आणीबाणी त्यांनीही चालू ठेवली. १९८२ मध्ये डुमिसो डबेंग्वा आणि लुकआऊट मसुकू या स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनानींना पकडलं. १९८३ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि सरकारने त्याच अधिकारांखाली पुन्हा आत टाकलं. मसुकू १९८६ मध्ये सुटले आणि पुढच्याच महिन्यात वारले. ५ नोव्हेंबर १९६५ ला तीन महिन्यांसाठी सुरू झालेली आणीबाणी उठली जुलै १९९० मध्ये.